आडनावातली दुकाने

आपल्याकडच्या लग्नपत्रिका एकदा सावकाश वाचून पाहाव्यात. वर नदाफांचा, वधू अत्तारांची, निमंत्रकांत बागवान आणि मणेर, खाली लहान अक्षरांत तांबोळी, शिकलगार, नालबंद, मोमीन. आपण ही नावे आडनावे म्हणून वाचतो आणि पत्रिका बाजूला ठेवतो. खरे तर एकेकाळच्या बाजारपेठेतल्या दुकानांच्या या पाट्या आहेत. नदाफ कापूस पिंजणारे, अत्तार सुगंधी तेले आणि औषधी मसाले विकणारे, बागवान फळ-भाजीचे व्यापारी, मणेर बांगड्या भरणारे, तांबोळी पानवाले, मोमीन विणकर, नालबंद घोड्या-बैलांना नाल ठोकणारे आणि शिकलगार हत्यारांना धार लावणारे. आज यातल्या किती घरांत तो धंदा उरला आहे? बागवानांची मंडई अजून चालते, हे खरे. पण नालबंदांचा नातू दुचाकी दुरुस्त करतो, मोमीनांची मुलगी बँकेत आहे आणि नदाफांच्या घरी गादी ऑनलाइन मागवली जाते.

धंदे बदलतात, त्यात नवल नाही आणि दरवेळी दुःख करण्यासारखेही काही नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. दुकान बंद झाल्यावर त्या दुकानातले जे ज्ञान होते, हातात जी कला होती, गिऱ्हाइकाशी जे नाते होते, ते कुठे जाते? आपल्या घरातले बुजुर्ग गावाच्या जुन्या गोष्टी सांगू लागतात तेव्हा आपण काय करतो? बहुतेक वेळा मोबाइल बघत हुंकार भरतो. या वेळच्या लेखात आम्ही एक गाव समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करणार आहोत. ते गाव आहे मिरज.

तीन रुळांचे गाव

मिरजेतल्या जुन्या माणसांना गावाबद्दल विचारा, बोलणे बहुधा रेल्वे स्टेशनापासून सुरू होते. याला कारण आहे. रुंद, मध्यम आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ ज्या थोड्या स्टेशनांनी पाहिले, त्यांत मिरज एक. पुण्याकडची आणि कोल्हापूरची गाडी आधी मीटरगेजवर धावायची, ती १९७० च्या आसपास ब्रॉडगेजवर आली. बेळगाव-हुबळीकडची मीटरगेज नव्वदच्या दशकापर्यंत टिकली. आणि पंढरपूरकडे जाणारी छोटी गाडी, बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फुटांच्या रुळावरून डुलत डुलत जायची. आषाढीला तिच्या टपावरसुद्धा वारकरी बसलेले असत. हा फाटा १९२७ साली मिरजेपर्यंत आला होता. २०१० च्या आसपास तिथेही मोठा रूळ पडला आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली.

आता यात धंद्याचा संबंध काय? रुळाचे माप बदलले की गाडी पुढे जाऊ शकत नाही. माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागतो आणि प्रवाशाला गाडी बदलावी लागते. कधी दोन तास थांबावे लागते, कधी अख्खी रात्र. या थांबण्यावर किती चुली पेटत होत्या, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. हमाल, टांगेवाले, चहावाले, फळवाले, मुसाफिरांच्या खोल्या, रात्री उघडी राहणारी खाणावळ. टांग्याच्या मागे घोडा, घोड्याच्या मागे चारावाला आणि नालबंद. सगळीकडे एकच रूळ आल्यावर प्रवाशाची सोय झाली, वेळ वाचला, माल लवकर पोचू लागला. यात वाईट काहीच नाही. पण ज्याची रोजी लोकांच्या थांबण्यावर होती, त्याच्यासाठी गाडी न थांबता निघून गेली.

एका बुजुर्गांनी आम्हाला ही गोष्ट फार साध्या शब्दांत सांगितली. "बेटा, टांगा गेला तो रिक्षामुळे गेला असं सगळे म्हणतात. तो आधी स्टेशनात गेला. माणसं उतरायचीच थांबली." त्यांचे वडील टांगा चालवत, ते स्वतः रिक्षा चालवत आणि मुलगा आता औषधांच्या कंपनीत फिरतीवर असतो. तीन पिढ्यांत तीन वाहने. पण गाव तेच आणि गल्ल्याही त्याच. चाचांना अजून गावातला प्रत्येक चढ-उतार घोड्याच्या हिशेबाने माहीत आहे. कुठे घोडा दमतो, कुठे पाणी पाजायचे, कुठे लगाम आवळायचा.

याच स्टेशनाने २०१६ साली सगळ्या देशाचे लक्ष वेधले होते. लातूरला पिण्याचे पाणी उरले नव्हते, तेव्हा एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वे निघाली. पहिल्या फेरीला दहा टाक्या होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून ती लातूरला पोचली. पुढे टाक्या पन्नासपर्यंत वाढल्या. 'जलदूत' म्हणून ती गाडी ओळखली गेली. मिरजेतल्या नव्या पिढीला स्टेशनाची आठवण विचारली तर ती ही सांगते. आजोबांना छोटी गाडी आठवते, नातवाला पाण्याची. दोन्ही आठवणी खऱ्या आणि दोन्ही जपण्यासारख्या.

दवाखान्याभोवतीचे गाव

मिरजेची दुसरी ओळख दवाखान्यांची. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली इथे रुग्णालय सुरू केले आणि दूरदूरच्या मुलखात 'मिरजेला नेलं' याचा अर्थ 'मोठ्या दवाखान्यात नेलं' असाच घेतला जाऊ लागला. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसे येत. १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. मग खासगी दवाखाने वाढत गेले.

रोगी येतो तेव्हा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर दोन-चार नातेवाईक येतात, त्यांना खायला लागते, झोपायला लागते, नमाज पढायला जागा लागते, फळे लागतात, थर्मास लागतो. बागवानांच्या फळांच्या गाड्यांपासून औषधांच्या दुकानांपर्यंत एक अख्खी पेठ या गरजेतून उभी राहिली. कानडी, मराठी, दख्खनी अशा तिन्ही भाषा सहज बोलणारा फळवाला मिरजेत नवलाचा नव्हता. आज दवाखान्याला लागूनच कँटीन असते, औषधाचे दुकानही आतच असते. बाहेरच्या गाडीवाल्याचे गिऱ्हाईक त्या प्रमाणात कमी झाले. तरीही तीन भाषांत विचारपूस करण्याची ती रीत अजून ऐकू येते. "काय म्हणतात डॉक्टर? कधी सोडणार?" असे विचारून मगच मोसंबी तोलणारा दुकानदार ज्यांनी पाहिला आहे, ते त्याला विसरत नाहीत.

तलवारीकडून सतारीकडे

आता मिरजेची सर्वांत मोठी आठवण. ती एका गल्लीत राहते आणि अजून जिवंत आहे.

शिकलगार म्हणजे हत्यारांना पाणी देणारे, धार लावणारे. मिरज पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव. संस्थानिकांची फौज होती तोवर तलवारी, भाले, कट्यारी दुरुस्त करायचे काम होते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल घट्ट झाला आणि तलवारीचे काम आटत गेले. फरीदसाहेब शिकलगार हे त्याच काळातले कुशल कारागीर. त्यांची कथा मिरजेत अशी सांगितली जाते: दरबारात येणाऱ्या गवयांचे तानपुरे मोडायचे, नादुरुस्त व्हायचे आणि दुरुस्तीला दूर पाठवावे लागायचे. तेव्हा लोखंडावर ज्यांचा हात बसलेला होता त्या शिकलगारांकडे एक तंबोरा आला. त्यांनी तो उघडला, समजून घेतला, दुरुस्त केला आणि मग स्वतःच नवा बनवायला घेतला. ही गोष्ट साधारण १८५० च्या सुमाराची मानतात. पुढे पिढ्यानुपिढ्या हेच काम झाले आणि कितीतरी घरांचे आडनावही बदलले. शिकलगारांचे झाले सतारमेकर.

वाचकहो, या आडनावापाशी जरा थांबा. 'सतार' जुना शब्द, 'मेकर' इंग्रजांच्या काळातला. धंदा बदलला तेव्हा त्या माणसांनी नाव बदलायलाही संकोच केला नाही. धार लावणाऱ्या हाताची नजर बारीक असते. केसभर जास्त घासले तर पाते वाया जाते, हे त्याला माहीत असते. तीच नजर सतारीच्या घोडीवर कामाला आली.

हे काम आम्ही जमेल तसे समजून घेतले, ते वाचकांनाही सांगतो. सतारीचा आणि तानपुऱ्याचा भोपळा आपल्या भाजीचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा, मोठा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात पिकतो. वाळवून, कापून, आतून साफ करून, भिजवून त्याला आकार देतात. दांडी लाकडाची, तीही मुरलेल्या लाकडाची, नाहीतर पुढे वाकते आणि सूर बिघडतो. भोपळ्यावर लाकडाची तबली बसते. मग खुंट्या, नक्षी, पॉलिश, तारा. एक वाद्य पुरे व्हायला कित्येक आठवडे जातात.

शेवटचे काम जवारीचे आणि तेच सगळ्यांत कठीण. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण तो तसा नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो. कानसने घासत घासत तो उतार असा साधायचा की तार छेडल्यावर घोडीला किंचित स्पर्श करत कंप पावेल आणि सूर भरून, लांबून उमटेल. तानपुऱ्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये एक दोरा सरकवतात. तो तसूभर पुढे-मागे केला की सूर खुलतो किंवा मिटतो. हे मापपट्टीने होत नाही. डोळ्याने पाहायचे, हाताने घासायचे आणि कानाने ठरवायचे. शागीर्द वर्षानुवर्षे उस्तादाशेजारी बसतो तेव्हा हे कानात उतरते. पुस्तकात लिहून ते पुढच्या माणसाच्या हाती देता येत नाही.

या वाद्यांना मिरजेत गिऱ्हाईकही तसेच मिळाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहत आणि पंडित विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे इथेच शिकले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ उत्तरेतून आले आणि मिरजेचे झाले. १९३७ साली मद्रासकडच्या एका लहानशा स्टेशनावर त्यांचा इंतकाल झाला, पण दफन मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झाले. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेतच जन्मल्या. उरसात दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव भरतो. दोन्हीकडे जो तानपुरा वाजतो, तो एकाच गल्लीतून आलेला असू शकतो. भोपळा पंढरपूरच्या वाटेवरचा, हात शिकलगारांचा, गाणे सगळ्यांचे.

पुढे काय?

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे 'मिरज' हे नाव आता या वाद्यांची कायदेशीर ओळख आहे, दुसरीकडे बनवलेल्या वाद्याला ते लावता येणार नाही. गावाला आनंद झाला आणि तो योग्यच होता.

पण नाव राखले म्हणजे हात राखले असे होत नाही. तानपुऱ्याची जागा आधी इलेक्ट्रॉनिक पेटीने घेतली, मग मोबाइलमधल्या ॲपने. रियाज करणाऱ्या मुलीला घरी मोठा तानपुरा ठेवायला जागा नसते, तारा लावायला वेळ नसतो. करोनाच्या काळात मैफली बंद होत्या आणि त्यांच्याबरोबर मागणीही. भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला दुसरे पीक परवडते. आणि कारागिराच्या मुलाने इंजिनिअरिंगचा फॉर्म भरलेला असतो.

तो भरू नये, असे आम्ही म्हणणार नाही. जो बाप दिवसभर मांडी घालून कानस चालवतो, धूळ खातो, त्याला मुलाने खुर्चीवर बसावे असे वाटते, यात चूक काय? हलाल रोजी जिथे बरकत असेल तिथून कमवावी. आमचे म्हणणे एवढेच की निवड करण्याआधी मुलाला आपल्या घरात काय आहे ते माहीत असावे. पुष्कळ घरांत मुलांना वडिलांच्या कामाची लाज वाटते, कारण त्यांना ते काम कधी कुणी समजावून सांगितलेले नसते. त्यांनी फक्त धूळ पाहिलेली असते. जवारी काय असते हे ज्याने एकदा कानाने ऐकले, तो पुढे डॉक्टर झाला तरी वडिलांच्या हातांकडे वेगळ्या नजरेने पाहील. कदाचित परदेशातल्या गिऱ्हाइकांशी बोलणे, हिशेब, विक्री अशा कामांत तो त्याच धंद्याला नवा आधारही देईल. शिकलगारांच्या पूर्वजांनी हेच केले होते. हातातले कसब ठेवले आणि काम बदलले.

दारावर येणारे गाव

आतापर्यंतच्या आठवणी बहुतेक पुरुषांच्या आहेत. त्यांना विचारले की स्टेशन, चौक, चहाचे हॉटेल, तालीम यांची नावे येतात. घरातल्या नानी-दादींना विचारले तर वेगळेच गाव उभे राहते. त्यांच्या आठवणीत दुकाने कमी आणि दारावर आलेली माणसे जास्त.

मणेरीण टोपली घेऊन यायची. तिच्याकडे बांगड्यांबरोबर साऱ्या मोहल्ल्याच्या बातम्या असत, आणि कितीतरी स्थळे तिनेच सुचवलेली असत. नदाफ खांद्यावर पिंजण घेऊन यायचा. त्या ताणलेल्या तारेचा धुम्म धुम्म आवाज आला की पोरे गोळा व्हायची आणि अंगणात कापसाचे ढग उठायचे. लग्न ठरले की दोन-चार दिवस त्याचा मुक्काम अंगणातच. ईदच्या आधी कल्हईवाला यायचा. भाता, कोळसे, नवसागराचा पांढरा धूर. मग तांब्याच्या देगचीत कथलाचा बोळा फिरायचा आणि काळी पडलेली देगची चांदीसारखी निघायची. एका दादींनी आम्हाला सांगितले, "कल्हईचा वास आला की आम्हाला ईद आली असं वाटायचं. आता ईद येते, पण वासावरून कळत नाही."

स्टील आले आणि कल्हईवाला गेला. फोमची गादी आली आणि पिंजण गेली. यात घरातल्या बाईचे कष्ट कमी झाले, हेही तितकेच खरे. त्याच दादी पुढे म्हणाल्या, "पण बाळा, ती तांब्याची देगची घासून माझे हात सोलायचे, ते मी विसरले नाही हो."

हे वाक्य आम्हाला फार मोलाचे वाटले. आठवणींची एक खोड असते. काळ जितका मागे जातो, तितकी त्यात साखर जास्त पडते. पूर्वी सगळे स्वस्त होते, सगळे सुखी होते, सगळे एकमेकांवर प्रेम करत होते, असे आपण सहज बोलून जातो. पूर्वी दहा वर्षांचा पोरगा शाळेऐवजी कारखान्यात बसायचा, मुलींना हुनर कुणी शिकवत नसे आणि दुष्काळात टांग्याचा घोडा विकावा लागे. हेही आठवणीत यायला हवे. ते वगळून सांगितलेली गोष्ट मुले ऐकून घेतात, पण तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

आठवण कुणाची?

मिरजेने दंगलही पाहिली आहे. २००९ साली गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून तणाव पेटला, गाव होरपळले आणि आजूबाजूच्या शहरांतही त्याची झळ पोचली. ज्यांनी ते दिवस पाहिले, ते आजही त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. तेव्हा जी मुले पाच-सात वर्षांची होती ती आता कमावती झाली आहेत. त्यांच्या गावाच्या आठवणींचे पहिले पान तेच असेल, तर पुढची पाने कशी वाचली जातील?

म्हणून बुजुर्गांचे सांगणे महत्त्वाचे. त्याच गावात मीरासाहेबांच्या उरसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो आणि ही रीत पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. त्याच गावात देवळात गाणाऱ्या बुवांचा तानपुरा सतारमेकरांच्या दुकानात जवारीसाठी येतो आणि बुवा तिथेच बसून तो लावून घेतात. हे कुणी भाषणासाठी केलेले नाही. हा धंद्यातून, गरजेतून, आवडीतून रोज घडलेला व्यवहार आहे. बुवांना चांगली जवारी हवी होती आणि ती जिथे मिळत होती तिथे ते गेले. अशी नाती टिकाऊ असतात, कारण दोघांनाही एकमेकांची गरज असते. दुकान बंद होते तेव्हा माल मिळणे थांबते, त्याबरोबर दोन समाजांनी रोज एकमेकांना भेटण्याची एक जागाही कमी होते. नव्या बाजारात आपण माणसाला न पाहता वस्तू घेतो. मग शेजारच्या मोहल्ल्यातला माणूस आपल्याला भेटतो तो केवळ बातम्यांत.

घराघरांतले काम

आता थोडे आपल्या घराकडे वळू. मिरजेबद्दल जे सांगितले, ते कमी-अधिक फरकाने कोल्हापूर, सोलापूर, सातारा, कराड, इस्लामपूर, कुठेही लागू आहे. तुमच्या गावात सतार नसेल, माग असेल, विडी असेल, होडी असेल, चामड्याचे काम असेल. काम एकच आहे: विचारणे आणि लिहून ठेवणे.

कृष्णाकाठच्या लोकांना याची निकड वेगळी सांगायला नको. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत किती घरांतले फोटो, निकाहनामे, दुकानांच्या वह्या, घराची कागदपत्रे चिखलात गेली. शेजारच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी रीत होती, २००५ च्या पाण्याने त्यातली बरीच पेवे निकामी केली. कागद भिजतो, दुकान मोडते आणि माणूस तर जाणारच आहे. म्हणून येत्या सुटीत, किंवा एखाद्या रविवारी मगरिबनंतर, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ मुलांना बसवा आणि मोबाइलचा उपयोग या वेळी ध्वनिमुद्रणासाठी करा.

प्रश्न साधे ठेवा. 'जुन्या काळाबद्दल सांगा' असे म्हटले की माणूस गोंधळतो, नाहीतर उपदेश सुरू करतो. त्यापेक्षा विचारा: तुमच्या लहानपणी सकाळी सगळ्यांत आधी कुठले दुकान उघडायचे? तुमच्या अब्बांची हत्यारे कोणती होती आणि त्यांना काय म्हणत? एक वस्तू बनवायला पहिल्यापासून शेवटपर्यंत काय काय करावे लागे? कच्चा माल कुठून यायचा? उधारी कशी लिहीत? गिऱ्हाइकांत कोण कोण असत? धंदा बंद करायचा हे कुणी आणि कधी ठरवले? त्या दिवशी घरात काय झाले? शेवटच्या प्रश्नापाशी बोलणारा थांबेल. त्याला थांबू द्या.

हत्यारांची आणि कामांची नावे जशीच्या तशी लिहा, शुद्ध करू नका. पिंजण, भाता, कानस, घोडी, जवारी हे शब्द ज्या दिवशी घरात बोलले जाणार नाहीत, त्या दिवशी ते काम खऱ्या अर्थाने संपले. जुनी हत्यारे भंगारात देण्याआधी निदान एक तरी ठेवा, आणि त्याला चिठ्ठी लावा: हे कुणाचे, कशासाठी, कधीपर्यंत वापरले. जुन्या वह्या, पावत्या, दुकानाच्या पाटीचा फोटो यांच्या मोबाइलवर प्रती काढून दोन वेगवेगळ्या घरी ठेवा. एक प्रत नदीपासून लांब राहणाऱ्या नातेवाइकाकडे असली तर उत्तम.

आणि नानी-दादींना विसरू नका. पुष्कळ घरांत त्यांना कुणी विचारतच नाही, कारण त्यांनी दुकान चालवले नाही असे आपण धरून चालतो. दुकानाचा खर्च ओढगस्तीच्या महिन्यात कुणाच्या दागिन्यांवर निभावला, शागीर्दांना कुणी जेवू घातले, भोपळे वाळायला गच्चीवर कुणी पसरले आणि पाऊस आल्यावर धावत जाऊन कुणी उचलले, हे त्यांनाच ठाऊक आहे.

पुढच्या वेळी घरी लग्नपत्रिका आली की मुलांना जवळ बोलवा आणि त्यातली आडनावे एकेक करून वाचायला सांगा. प्रत्येक नावाचा अर्थ विचारा. जे त्यांना सांगता येणार नाही, ते आजोबांना विचारायला पाठवा. आजोबा आज घरात आहेत, तोवर.